काट्यावरचा रुपया

चांदीच्या रुपयाचे ठरीव वजन १८० ग्रेन, म्हणजे बरोबर एक तोळा. १९०६ च्या नाणे कायद्याने रुपया चलनात खरा मानला जाण्यासाठी दोन अटी घातल्या होत्या. तो ठरीव वजनापेक्षा शेकडा दोनहून जास्त घटलेला नसावा आणि कोणी मुद्दाम विद्रूप केलेला नसावा. तोळ्याच्या गुंजा शहाण्णव, त्यामुळे शेकडा दोन म्हणजे जेमतेम दोन गुंजा. लाल-काळ्या दोन बिया एका हाताच्या तळव्यावर ठेवल्या तर त्यांचे वजन कळतसुद्धा नाही. पण तेवढ्या फरकावर एखाद्या माणसाचा रुपया रुपया राहतो की चांदीचा तुकडा होतो, हे ठरत असे.

आजचा गोंदिया जिल्हा १ मे १९९९ ला वेगळा झाला. त्याआधी हा सगळा मुलूख भंडारा जिल्ह्यात होता, आणि इंग्रजी अमलात गोंदिया तिरोडा तहसिलीत मोडत असे. पलीकडे साकोली तहसील. धानाचा, तळ्यांचा आणि जंगलाचा प्रदेश. मधे वैनगंगा, वाघ नदी, पूर्वेला छत्तीसगड. इथल्या माणसाच्या हाती रोकड वर्षातून मोजक्या वेळी यायची. धान विकल्यावर, लाख-मोह-डिंक बाजारात नेल्यावर. आणि आली तशी ती मालगुजाराकडे, सावकाराकडे, शेवटी सरकारी खजिन्याकडे निघून जायची. अशा ठिकाणी नाणे हलके निघाले तर ती घट कोणाच्या माथी, हा प्रश्न पुस्तकी नव्हता.

इंग्रजांच्या आधी या भागात नागपूरकर भोसल्यांचा रुपया चाले. त्यावर नाव मोगल बादशहा अहमदशहा बहादूरचे. या बादशहाची कारकीर्द १७४८ ते १७५४, जेमतेम सहा वर्षांची. नाव मात्र पुढे कित्येक दशके नाण्यावर पडत राहिले. टांकसाळीचे नाव पाहावे तर ओरिसातले कटक. ओरिसा १७५१ मध्ये भोसल्यांकडे आला आणि १८०३ मध्ये गेला. नाण्यावरच्या ठशाला या घडामोडींशी फारसे कर्तव्य नव्हते. लोकांना ओळखीचा ठसा हवा असतो, आणि राजाला लोकांनी नाणे नाकारू नये एवढेच हवे असते. दिल्लीतला बादशहा आंधळा होऊन कैदेत पडला आणि मेला, तरी वैनगंगेच्या काठी तो रुपयावर नांदत होता.

हे रुपये हातोड्याचे. चांदी ओतून, कापून, काट्यावर जोखून तिची जाड गोळीवजा चकती करायची, ती खालच्या ठशावर ठेवायची, वरून दुसरा ठसा धरून घाव घालायचा. ठसा चकतीपेक्षा मोठा असे. त्यामुळे पूर्ण मजकूर एका रुपयावर कधीच मावत नसे. एकावर बादशहाच्या नावाचा शेपटाकडचा भाग, दुसऱ्यावर सनाचा एखादा आकडा, तिसऱ्यावर नुसते ठिपके आणि वेलबुट्टी. आज जुन्या नाण्यांच्या बाजारात अशी नाणी ‘अर्धवट छापलेली’, ‘चुकीची’ म्हणून दाखवली जातात आणि भाव वाढवून मागितला जातो. तसा भाव देऊ नये. त्या टांकसाळीत अक्षर तुटणे ही चूक नव्हतीच. चूक एकच होती, चकती कमी वजनाची जाणे किंवा चांदी हिणकस असणे. कारागीर काट्यापाशी दक्ष असे, ठशापाशी बेफिकीर. तेव्हाच्या घेणाऱ्यालाही तेच पुरे होते.

आणि घेणाऱ्याच्या वतीने पाहणारा माणूस गावात असेच. मराठी मुलखातल्या गावगाड्यात पोतदाराला हक्काची जागा होती. साऱ्याचे नाणे पारखायचे, खोटे वेगळे काढायचे, हे त्याचे काम. बहुतेक वेळा तो जातीने सोनार असे. कान, बोटे, काटा आणि कसोटीचा दगड एवढेच त्याचे हत्यार. रुपया दगडावर टाकला की खणकन वाजला पाहिजे. आत शिसे भरलेला असेल तर आवाज बसका येतो. शंका आली की तो कडेला छोटासा घाव घालून आतली चांदी पाहायचा, आणि पटली की आपली खूण उमटवायचा. दहा हातांतून फिरलेल्या भोसलेशाही रुपयावर अशा खुणा इतक्या दिसतात की मूळ ठसा शोधावा लागतो. मला तर या खुणा राजाच्या ठशापेक्षा बोलक्या वाटतात. राजाने एकदाच शब्द दिलेला असतो, सराफांनी तो पुन:पुन्हा तपासलेला असतो.

या तपासणीची किंमत म्हणजे बट्टा. नागपूरचा रुपया शेजारच्या मुलखात, शेजारचा नागपुरात, जुना नव्याच्या जागी, झिजलेला भर वजनाच्या जागी, प्रत्येक अदलाबदलीत काही कापले जाई. पेशवाईतही हेच दुखणे होते. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी मराठी राज्यातल्या टांकसाळींवर एक निबंध लिहिला आहे. परवाना घेऊन चालवलेल्या खासगी टांकसाळी, त्यांतून निघालेले हिणकस नाणे, मग त्या बंद करून धारवाडसारख्या ठिकाणी एकच टांकसाळ नेमण्याचे हुकूम, हे सगळे त्यात येते. हुकूम निघत, काही वर्षे नाणे सुधारे, पुन्हा बट्टा सुरू. कामठ्याच्या जमीनदाराने नागपूरला टकोळी म्हणजे खंडणी भरायची असो की कोहळी शेतकऱ्याने तळ्याखालच्या धानाचा वसूल द्यायचा असो, भरणारा नेहमी खालच्या बाजूला आणि काटा नेहमी वरच्या माणसाच्या हातात. वरचा माणूस घेताना एक भाव लावी, देताना दुसरा.

कंपनी सरकारने १८३५ मध्ये हा गुंता एका फटक्यात तोडायचे ठरवले. सगळ्या ताब्यातल्या मुलखात एकच रुपया, १८० ग्रेन वजनाचा, त्यात बारा भागांपैकी अकरा भाग शुद्ध चांदी, म्हणजे १६५ ग्रेन. या सुधारणेमागे जेम्स प्रिन्सेप हा माणूस होता. ब्राह्मी लिपी वाचणारा म्हणून आपण त्याला ओळखतो, पण त्याची नोकरी टांकसाळीतली. आधी बनारसला, मग कलकत्त्याला, नाण्यांचा कस पाहणारा अधिकारी म्हणून. एका ग्रेनचे हजार भाग केले तर त्यातले तीन भागही दाखवील असा काटा त्याने तयार करून घेतला होता. देशभरात चालणाऱ्या नाना तऱ्हेच्या रुपयांची वजने आणि कस त्याने तक्त्यांत मांडले. अशोकाची अक्षरे लावणारा आणि रुपयातली घट मोजणारा माणूस एकच असावा, यात मला विशेष नवल वाटत नाही. दोन्ही कामांत झिजलेल्या पृष्ठभागावरून मूळ काय होते ते ओळखायचे असते.

नवा रुपया यंत्रावर पडलेला. गोल, चपटा, कड दातेरी. लोक त्याला कलदार म्हणू लागले. दातेरी कड शोभेसाठी नव्हती. कडेने कानस चालवून चांदीचा भुगा काढायचा धंदा जुना होता, आणि दाते घासले गेले की चोरी लगेच दिसे. टांकसाळीलाही मोकळीक नव्हती. पुढच्या कायद्यांनी रुपयाच्या वजनात हजारी पाच आणि कसात हजारी दोन एवढाच फरक चालवून घेतला. हजारी पाच म्हणजे ०.९ ग्रेन, अर्धी गुंज. त्यापेक्षा जास्त हलका किंवा जड रुपया टांकसाळीच्या दाराबाहेर पडता कामा नये.

नागपूरचे तिसरे रघूजी भोसले डिसेंबर १८५३ मध्ये वारले आणि पुढच्या वर्षी राज्य खालसा झाले. १८६१ मध्ये मध्य प्रांत तयार झाला. सारा कलदार रुपयांत मोजला जाऊ लागला. तरी खेड्यात रुपया पोचायला रस्ता लागतो. नागपूरहून छत्तीसगडकडे जाणारी मीटरगेज लोहमार्गाची वाट १८८२ पर्यंत राजनांदगावला पोचली, ती गोंदियावरून. १८८७ मध्ये बंगाल-नागपूर रेल्वे कंपनी निघाली आणि तिने हा मार्ग ब्रॉडगेज केला. १९०५ च्या सुमारास गोंदियाहून जबलपूरकडे सातपुड्यातून नॅरोगेज गाडी धावू लागली. चार दिशांनी धान, लाख, लाकूड, तंबाखू, तेंदूपत्ता येऊन पडणारे हे जंक्शन कलदार रुपयाने वाढवले असे म्हटले तरी चालेल. छत्तीसगडात तोवर कवड्याही चलनात होत्या, त्या मागे सरकल्या.

पण कलदार रुपयाने काटा घरी ठेवू दिला नाही. फसवण्याच्या तऱ्हा तेवढ्या बदलल्या. कातरणे आणि कानस लावणे दातेरी कडेमुळे अवघड झाले, तर लोकांनी पोकळ करण्याची वाट धरली. रुपया आडवा चिरायचा, आतली चांदी कोरून काढायची, शिसे भरायचे आणि दोन्ही पदर झाळून कड पुन्हा घासायची. असा रुपया डोळ्याला निर्दोष. काट्यावरही फसवू शकतो, कारण शिसे चांदीपेक्षा जड. इथे पोतदाराचा कान उपयोगी पडे. दुसरी तऱ्हा तेजाबात बुडवण्याची. त्यात चांदी सगळीकडून सारखी सुटते, अक्षरे बोथट होतात, आणि रुपया फक्त म्हातारा दिसतो. हा ओळखायला काटाच हवा. तिसऱ्या तऱ्हेत लबाडी नव्हतीच. बायका रुपयांची माळ करायच्या. गोंड घरांत आणि कुणबी-पोवारांतही अंगावर रुपये घालणे ही साठवणच होती. कडी झाळली, भोक पाडले, आणि दुष्काळात तोच रुपया मोडायची पाळी आली की तो कायद्याने ‘विद्रूप’ ठरायचा. भोकातून गेलेली चांदी एका गुंजेची, पण रुपयाचे रुपयापण गेले.

याशिवाय नुसती झीज होतीच. रुपया हेच वजनाचे माप असल्यामुळे ती झीज दुहेरी लागे. शेर ऐंशी तोळ्यांचा, आणि किराणा दुकानदार किंवा सोनार तोळ्याच्या जागी रुपयाच टाकी. प्रत्येक रुपया दोन गुंजांनी झिजलेला असेल तर शेरामागे एकशे साठ गुंजा, म्हणजे पावणेदोन तोळ्यांच्या आसपास माल कमी. देताना झिजलेले रुपये पारड्यात आणि घेताना नवे, हा हिशेब करायला दुकानदाराला शाळेत जावे लागत नव्हते.

सरकारी खजिन्यात काय होई, ते १९०६ च्या कायद्याने कलमवार सांगितले आहे. पैसे घेणाऱ्या अधिकाऱ्याला रुपया वाजवी झिजेच्या मर्यादेपलीकडे हलका वाटला तर त्याने तो तिथल्या तिथे कापायचा. परत फिरू द्यायचा नाही. मग दोन वाटा. घट एका ठरीव टप्प्यापर्यंत असेल तर तुकडे परत द्यायचे किंवा सरकारने नेमलेल्या दराने विकत घ्यायचे. घट त्याहून जास्त असेल तर तुकडे आणणाऱ्याच्या हातात द्यायचे आणि नुकसान त्यानेच सोसायचे. खोट्या नाण्याचेही तेच. कोणी कोरला, कोणी तेजाबात बुडवला, हे विचारायची तरतूद नाही. शेवटी ज्याच्या हातात सापडला त्याच्याच माथी.

कायदा बनवणाऱ्यांचे म्हणणे समजण्यासारखे आहे. प्रत्येक हलका रुपया सरकारने भरून दिला तर कानस चालवणाऱ्याला दुकान थाटून दिल्यासारखे होईल. तरीही साखळीचे शेवटचे टोक नेहमी एकच असते हे विसरता येत नाही. गोंदियाच्या व्यापाऱ्याकडे काटा आहे, मुनीम आहे, तो हलका रुपया बाजूला काढून रविवारच्या बाजारात धान आणणाऱ्याला देऊ शकतो. मालगुजार तो कुळाकडून घेताना परत करू शकतो. आदिवासी मोहफुले विकून आलेला रुपया ठोकून पाहील, पण तोलणार कशाने? काटा नसणाऱ्याकडे हलका रुपया उताराने जावा तसा आपोआप जातो. भोसल्यांच्या वेळी त्याने बट्टा दिला, आता त्याच्या हाती तुकडे आले. बट्ट्यात निदान रुपयाचे पंधरा आणे तरी हाती राहत.

या कायद्याच्या आधीच, १८९३ मध्ये, खोट्या नाण्यांच्या गोष्टीला एक चमत्कारिक वळण मिळाले होते. तोवर कोणीही चांदी घेऊन टांकसाळीत जावे आणि तिचे रुपये पाडून घ्यावेत, अशी मुभा होती. चांदीचा भाव जगभर कोसळत होता, म्हणून २६ जून १८९३ ला सरकारने ही मुभा बंद केली. रुपयाची किंमत त्यातल्या चांदीपेक्षा वर गेली. मग खोटे नाणे पाडणाऱ्याला शिसे-जस्त वापरायची गरजच उरली नाही. पूर्ण वजनाचा, पूर्ण कसाचा रुपया पाडला तरी नफा! असा रुपया काट्यावर खरा, कसोटीवर खरा, कानालाही खरा. तो ओळखायचा फक्त ठशावरून, व्हिक्टोरिया राणीच्या चेहऱ्याच्या रेषांवरून, अक्षरांच्या ठेवणीवरून. शेकडो वर्षे वजन पाहायला शिकलेल्या पारख्याला आता चित्र पाहायला शिकावे लागले.

आणि चित्रावरूनच १९११ मध्ये मोठा घोटाळा झाला. पाचव्या जॉर्जचा पहिला रुपया निघाला. राजाच्या झग्यावर ‘ऑर्डर ऑफ द इंडियन एम्पायर’ या मानाची साखळी, तिच्यात एक छोटासा हत्ती. शिल्पकार बर्ट्राम मॅकेनल. नाण्यावर तो हत्ती इतका बारीक उतरला, सोंड इतकी आखूड आली, की लोकांना तो डुक्कर दिसला. मुसलमानांच्या भावना दुखावल्याची ओरड झाली. सुमारे ९४ लाख रुपये पाडले गेले होते, त्यातले सुमारे सात लाख बाजारात गेले होते. उरलेले रोखून धरले, गेलेले शक्य तितके परत घेऊन वितळवले, आणि १९१२ च्या रुपयावर हत्तीची सोंड व पाय नीट काढले.

इथे मला थोडे थांबावेसे वाटते. १९११ च्या रुपयाचे वजन चोख १८० ग्रेन होते. कस चोख. कायद्याच्या एकाही कलमाचा त्याने भंग केला नव्हता. दोष नखाएवढ्याही नसलेल्या हत्तीत. तरी सरकारने तो आपला दोष मानला, आपल्या खर्चाने परत घेतला, पुन्हा पाडला. त्याच पाच-सहा वर्षांपूर्वीच्या कायद्याने दोन गुंजांनी झिजलेला रुपया मात्र शेतकऱ्याच्या हातावर कापून ठेवला जात होता. टांकसाळीची चूक आणि चलनातली झीज यांत फरक आहे, हे मान्य. पण चित्राच्या चुकीसाठी ओरड करणारे शहरात असतात, वजनाच्या घटीसाठी ओरड करणारा तहसिलीच्या आवारात एकटा उभा असतो, हाही फरक आहेच.

पुढची गोष्ट लवकर संपते. पहिल्या महायुद्धात चांदी महाग झाली आणि रुपयातली चांदी रुपयापेक्षा मोलाची ठरू लागली. १९१७ मध्ये नाणी वितळवायला बंदी आली, नोव्हेंबरअखेर एक रुपयाची कागदी नोट निघाली, पुढच्या वर्षी अमेरिकेने पिटमन कायदा करून हिंदुस्थानला चांदी दिली. १९१९ च्या सुमारास काढलेले गिलटाचे आठ आणे इतके खोटे निघाले की ते नाणे काही वर्षांत मागे घ्यावे लागले. दुसऱ्या महायुद्धात, १९४० मध्ये, रुपयातली चांदी निम्म्यावर आली आणि कडेवर दात्यांच्या मधून जाणारी खास रेघ घातली गेली. मग भर चांदीचे रुपये एकेक करून रद्द झाले. व्हिक्टोरियाचे १९४१ मध्ये, एडवर्डचे १९४२ मध्ये, जॉर्जचे १९४३ मध्ये. १९४७ चा रुपया निकेलचा, त्यात जोखण्यासारखे काही नाही. रद्द झालेले रुपये सगळे टांकसाळीत परत गेले नाहीत हे सांगायला नको. विदर्भात आजही लग्नात, लक्ष्मीपूजनात, देव्हाऱ्यात ते निघतात, आणि सोनाराकडे मोडायला नेले की सव्वाअकरा ग्रॅम भरले तर तो मान हलवतो, कारण भर रुपया ११.६६ ग्रॅमचा.

आता जुनी नाणी जमवणारे घराघरांत आहेत. पेट्यांतले रुपये काढून ‘यात काही चूक आहे का’ असे विचारणारेही वाढले आहेत, कारण टांकसाळीच्या चुकीला भाव येतो. एकाच बाजूचा ठसा दोन्हीकडे उमटलेले, एका बाजूला खोलगट उलटे चित्र असलेले नाणे संग्राहकांत ‘लाखी’ म्हणून ओळखले जाते. आधीचे नाणे ठशाला चिकटून राहिले आणि पुढच्या चकतीवर त्याचीच मोहोर उमटली की असे होते. ही खरी चूक. १८६२ सालच्या रुपयावर तारखेखाली ठिपके दिसले तर मात्र ती चूक नव्हे. पुढे बारा वर्षे टांकसाळीने साल तेच ठेवले आणि ठिपक्यांनी खुणा केल्या, असे नाणेतज्ज्ञ मानतात. काठ बारीक, दाते गुळगुळीत, वजन साडेदहा ग्रॅम, असा रुपया ‘चुकून पातळ पडला’ म्हणून विकला जातो. तो बहुधा पातळ पडलेला नसतो, कोणीतरी शंभर वर्षांपूर्वी त्यातून आपला वाटा काढून घेतलेला असतो. टांकसाळीतून अर्ध्या गुंजेपेक्षा जास्त फरकाचा रुपया सुटणे कठीण होते, हे लक्षात ठेवले की निम्मी फसवणूक टळते.

१९११ चा डुकराचा रुपया अर्थातच सगळ्यांना हवा असतो. म्हणून १९१२ च्या शेवटच्या आकड्यावर कानस चालवून एक करणारे लोकही आहेत. असा रुपया कोणी पुढे केला तर भिंग घेऊन साल नंतर पाहावे, आधी हत्ती पाहावा. सोंड लांब आणि स्वच्छ असेल तर साल काही का असेना, तो रुपया १९११ चा नाही.